व्हीपीएनला कशाला लागतंय दुसरं कुलूप

आमच्या धाकटीच्या हातात ओली चादर दिली की तिचे कोपरे तिला न बघता सापडायचे. बाकीच्या बायका चादर झटकायच्या, उलटीपालटी करायच्या, तोवर हिची चादर रोलरखाली निम्मी गेलेली असायची. दवाखान्यांचे कपडे धुणाऱ्या कारखान्यात तिचं सगळं तरुणपण गेलं आणि त्यानंतरचंही बरंच काही. घरी आली की अंगाला वाफेचा आणि ब्लीचचा वास यायचा. माझी नात लहान असताना तिच्या कुशीत शिरायची आणि म्हणायची, छोट्या आजीला दवाखान्याचा वास येतो. धाकटी म्हणायची, "बरं आहे की. आजारी पडले तर वेगळं जायला नको."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर लग्नानंतर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, माहेरी दार उघडणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती आमच्यातच राहिली. लोक म्हणायचे, आम्ही तिला ठेवून घेतली. पगाराचा मोठा वाटा घरात द्यायची, तरी ठेवून घेतली असंच म्हणायचे. तिला ते ऐकू यायचं. कपाटातला एकच कप्पा तिचा, तोही अर्धा रिकामा. खोलीतून उठली की पंखा बंद करूनच उठायची, आत मी बसलेली असले तरी. मी ओरडले की म्हणायची, सवय झाली हो ताई, हात आपोआप जातो.

पण तोंडाने गरीब नव्हती. कारखान्यातल्या मुकादमाला ती पाहुणे म्हणायची, कारण तो कामाच्या जागी कधीतरीच उगवायचा आणि आला की चहाची चौकशी करायचा. सगळ्या बायका त्याला मागून पाहुणेच म्हणायला लागल्या. त्याला ते कळलं तेव्हा त्याने धाकटीला आठवडाभर मळक्या गाठोड्यांवर टाकलं. तिने नाक बांधून काम केलं, आणि परत आल्यावर पहिल्यांदा त्याला विचारलं, "काय पाहुणे, बरे आहात ना?"

माझा मुलगा, थोरला, त्याच कारखान्याच्या ऑफिसात हजेरी बघतो. त्याला तिथे धाकटीनेच चिकटवला. शब्द टाकला, जुन्या मालकाच्या दारात तासन्‌तास उभी राहिली, तेव्हा लागला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सांगताना माझा आवाज चढेल.

आमच्या घरची एक रीत होती, सासूबाईंनी घालून दिलेली. घरात आतल्या आत कुलूप लावायचं नाही. कपाटं उघडी, पेट्या उघड्या. एकदा एका नणंदेने आपल्या बॅगेला छोटं कुलूप लावलं, तर सासूबाई तिच्याशी तिचं माहेरपण संपेपर्यंत बोलल्या नाहीत. म्हणाल्या, आम्हाला चोर समजते. सासूबाई गेल्या, कपाटं बदलली, पण रीत गेली नाही. घरात फोन आले तेव्हा ती फोनातही शिरली. टीव्हीला, विजेच्या बिलाला, ईमेलला, सगळ्याला एकच पासवर्ड. सासूबाईंचं माहेरचं नाव आणि पुढे घराचा नंबर. लहानमोठ्या सगळ्यांना पाठ. थोरला तर अभिमानाने सांगायचा, आमच्या घरात कोणाचं कोणापासून काही लपलेलं नाही.

आता रोलरचं सांगते. चादरी इस्त्री करणारा तो रोलर आख्ख्या खोलीएवढा लांब असतो, आतून तापलेला. पुढे दोघी उभ्या राहून ओली चादर त्यात सरकवतात, मागून दोघी कोरडी चादर ओढून घडी घालतात. सरकवणाऱ्यांच्या बोटांपुढे एक आडपट्टी असते. तिला हात लागला की रोलर जागच्या जागी थांबतो. हात आत जाऊ नये म्हणूनच ती बसवलेली. पण जाड चादर आली, सुरकुती आली, तरी पट्टीला धक्का बसतो आणि रोलर थांबतो. थांबला की आतली चादर करपते, परत चालू करायला वेळ लागतो. म्हणून पाहुण्यांनी फाटक्या चादरीची चिंधी घेऊन ती पट्टीच मागे बांधून टाकली. आता कितीही धक्के बसोत, रोलर थांबणार नाही.

धाकटीने ती चिंधी सोडली. पाहुण्यांनी परत बांधली. तिने परत सोडली. तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, काकूंचं वय झालं, काकूंना आता भीती वाटायला लागली. बायका हसल्या. हसणं भागच होतं, त्यांचं काम पाहुण्यांच्याच हातात होतं ना.

धाकटीच्या जोडीला चादर धरायला नवी पोरगी आली होती. अंगाने काडी, पण चलाख. महिन्याभरात तिचा उजवा हात चादरीबरोबर आत ओढला गेला. धाकटीने पळत जाऊन भिंतीवरचं मोठं बटण दाबलं, म्हणून हात वाचला, बोटं नाही वाचली. म्हणजे आहेत, पण मिटत नाहीत. त्या दिवशी धाकटी घरी आली, हात धुवायला गेली आणि धुतच राहिली. शेवटी मीच नळ बंद केला.

दोन दिवसांत पट्टीला नवी चिंधी बांधली गेली.

त्याच सुमाराला मालकाचा जावई ऑफिसात येऊन बसला होता. सगळे त्याला साहेब म्हणायचे. शिकलेला, गोड बोलणारा. त्याने कारखान्याच्या वेबसाइटवर एक गुपित पेटी उघडली. कामगारांनी मनात असेल ते लिहावं, नाव विचारलं जाणार नाही. बायका खूश झाल्या. धाकटी मात्र मला म्हणाली, नाव न विचारता कोणी पेटी ठेवत नाही ताई, नाव कळायची दुसरी काहीतरी सोय असणार.

तिने नातीला विचारलं. नात कॉम्प्युटरच्या कामाला आहे, घरूनच काम करते. ती म्हणाली, बरोबर आहे छोटी आजी. प्रत्येक घरच्या इंटरनेटला नंबर असतो, दारावरच्या नंबरासारखा. तू काही लिहिलंस की पाठोपाठ तो नंबर तिकडे जातो. मग तिने तो नंबर झाकायचा उपाय सांगितला, व्हीपीएन. तुझं लिहिलेलं आधी दुसऱ्याच गावच्या दारातून आत जाईल आणि मग तिथून कारखान्यात, म्हणजे कारखान्याला ते दुसरं दार दिसेल, आपलं नाही. धाकटीने आपल्या पगारातून वर्षाचं खातं घेतलं. फोनच्या वरच्या कडेला एक इवलीशी किल्ली दिसते. नातीने बजावलं, किल्ली दिसली तरच लिहायचं. हे आम्हा तिघींतच होतं.

खातं उघडताना नात म्हणाली, याला दुसरं कुलूपही लावू. पासवर्ड घातला तरी नवीन फोनवरून कोणी आत यायला लागलं की तुझ्या फोनवर आकडे येतील, ते सांगितल्याशिवाय दार उघडणार नाही. टू फॅक्टर म्हणतात त्याला. नेमका थोरला जेवायला येऊन बसला. कसलं खातं, त्याने विचारलं. धाकटी म्हणाली, व्हीपीएन का काय ते, फोनवर जाहिराती फार येतात, त्या बंद करायच्यात. त्याला ते पटलं, कारण जाहिरातींवर ती खरंच चिडायची. पण दुसऱ्या कुलपाचं ऐकून तो हसला.

"व्हीपीएनला कशाला लागतंय दुसरं कुलूप? बँक आहे का ती? कोणी आत शिरलं तर नेणार काय?"

नात म्हणाली, "बाबा, नेण्यासारखं काही नाही म्हणूनच लोक ते उघडं टाकतात. ज्याच्या आडोशाला आपण उभे राहणार, तो आडोसाच कोणी हलवला तर?"

"कोण हलवणार? पासवर्ड घरातल्यांनाच माहीत आहे. घरच्यांपासून कुलूप? माझी आजी असती तर तुला जेवायला वाढलं नसतं."

नात आणखी बोलणार होती. धाकटीनेच तिचा हात दाबला आणि नको म्हणाली. आणि पासवर्डही तोच ठेवला, सासूबाईंच्या माहेरचा.

नंतर भांडी आवरताना मी तिला म्हटलं, पोरगी शहाणी आहे, लावायचं होतंस. ती ताट पुसत म्हणाली, "ताई, तुम्ही कुलूप लावलंत तर ते तुमचं घर आहे. मी लावलं तर पुढचं वाक्य येईल, एवढंच आहे तर वेगळी राहा. ते वाक्य इतकी वर्षं या घरात कोणी बोललं नाही. ते मला शेवटपर्यंत ऐकायचं नाहीये."

खरंच कोणी बोललं नव्हतं. पण ते कधीही बोललं जाईल असं समजून ती राहात होती, हे मला त्या दिवशी कळलं.

साहेबाला परदेशातल्या मॅचेस बघायचं वेड होतं. त्या इकडे दिसत नाहीत, व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचं दार उघडलं की दिसतात. ऑफिसात तो एकदा कुरकुरला. थोरल्याला ऑफिसातली मोठी खुर्ची हवी होती, गेली कित्येक वर्षं हवी होती. तो म्हणाला, साहेब, आमच्या घरी आहे व्हीपीएन, घ्या की. आणि सासूबाईंच्या माहेरचं नाव त्याने मालकाच्या जावयाला लिहून दिलं. घरी आल्यावर सांगितलंही नाही. सांगण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही. वाटीभर साखर शेजारी द्यावी तसं दिलं.

त्या खात्यावर एका वेळी पाचच फोन-टीव्हींना जागा होती. साहेबाने टीव्हीवर लावलं, फोनवर लावलं, बायकोच्या फोनवर लावलं, मेव्हण्याच्या फोनला आणि टीव्हीला दिलं. जागा भरल्यावर ते विचारतं म्हणे, कोणाला उठवू? समोर ज्याची ओळख नाही तो फोन दिसला, मेव्हण्याने त्याला उठवलं. तो धाकटीचा होता.

हे सगळं नातीने नंतर शोधून काढलं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत की धाकटीने त्या पेटीत दोनदा लिहिलं होतं, पट्टी बांधतात, पोरीचा हात गेला, आधी पट्टी सोडा. दोन्ही वेळा काही झालं नाही. उलट साहेबाने सगळ्यांना जमवून सांगितलं, कोणीतरी खोडसाळपणा करतंय. तेव्हा धाकटी म्हणाली, आता असं लिहिते की वाचून झोप लागायची नाही.

सुट्टीची दुपार होती. ती खिडकीपाशी बसून लिहीत होती. एका बोटाने. ती काही फार शिकलेली नव्हती, एक एक अक्षर शोधून दाबायची. सुरुवातीला किल्ली बघितली, होती. मलाही दाखवली. मग ती त्या पोरीच्या हातात इतकी शिरली की वर बघायचंच राहिलं. बोटांची कातडी चादरीला कशी चिकटून आली, ती चादर तशीच परत धुवायला कशी टाकली, पाहुण्यांनी आधी पोरीकडे बघायचं सोडून करपलेली चादर कशी मोजली, सगळं. लिहून झालं, पाठवलं, आणि मोकळा श्वास टाकून म्हणाली, चहा टाकते.

ती लिहीत असतानाच कधीतरी साहेबाच्या मेव्हण्याची मॅच सुरू झाली असणार, आणि किल्ली गेली.

आडोसा गेला तर इंटरनेटच बंद पडावं अशीही एक सोय असते, ती लावायची राहिली, हे नातीने स्वतः होऊन सांगितलं. रडली बिचारी. पण ती म्हणाली, मुळात बाहेरचं माणूस आत आलंच नसतं आजी. आकडे छोट्या आजीच्या फोनवर आले असते. बाबांना तिच्याकडे येऊन मागावे लागले असते. तिने विचारलं असतं, कोणाला हवेत? मला तेव्हा कुठे त्या दुसऱ्या कुलपाचा अर्थ कळला. त्यात चोराचा काही संबंध नव्हता. घरच्याच माणसाला एकदा तोंड उघडून विचारावं लागलं असतं, बस.

कारखान्यात नंबर पोचला. आणि त्याच नंबरवरून त्याच दिवशी सकाळी थोरल्याने घरून हजेरीचं काम केलं होतं. सुट्टीनंतर साहेबाने त्याला आत बोलावलं. दार लावलं. साहेबाला वाटलं, लिहिणारा हाच.

थोरला संध्याकाळी घरी आला तो बूट न काढता आत आला. धाकटी त्याच्यासाठी पाणी घेऊन उभी राहिली. त्याने पाणी घेतलं नाही.

"काकू, तू लिहिलंस ना ते?"

"हो."

"मला एकदा सांगायचं होतंस."

"तू हजेरी बघतोस. तुला सांगितलं असतं तर तुला लपवावं लागलं असतं."

तो खुर्चीत बसला. तिने मग तसंच शांतपणे विचारलं, तू काय सांगितलंस त्यांना?

तो म्हणाला, खरं ते सांगितलं. मी नाही, काकूने लिहिलं. मी नाही म्हटलं असतं आणि पुढे गप्प राहिलो असतो तर मलाच काढलं असतं.

नात तेव्हा बापावर तुटून पडली. खातं उघडून त्याच्यापुढे धरलं, बघा म्हणाली, ही कोणाची माणसं आहेत आपल्या खात्यात. त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा तो ओरडला, मला काय माहीत ती काय लिहिते, जाहिराती बंद करायच्या म्हणून सांगितलं होतं मला. तेही खोटं नव्हतं. त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणीच खोटं बोलत नव्हतं, आणि कोणाला कोणाकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटीला काढलं. काढलं असं कोणी म्हणालं नाही. साहेबाने सगळ्या बायका गोळा केल्या, फुलांचा गुच्छ दिला, काकूंनी खूप केलं, आता त्यांनी आराम करावा म्हणाला. फोटो काढला. पाहुण्यांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. तो फोटो कारखान्याच्या वेबसाइटवर आहे, त्या गुपित पेटीच्या जरासा वर. धाकटीने गुच्छ घरी आणून मोरीत ठेवला. म्हणाली, पाण्यात आहे तोवर राहू दे, फुलांनी काय केलंय.

मला वाटलं, आता ती बसेल. तर दोन-चार दिवसांनी साडी बदलून निघाली. मी विचारलं कुठे. म्हणाली, कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात. आता लपवायचं काय राहिलंय, नाव घालून सांगते. मीही बरोबर गेले. लांबलचक बोळ, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या, आत एक बाई. धाकटीने तिला सगळं सांगितलं, हाताने रोलर दाखवून, पट्टी कुठे असते ते टेबलाच्या कडेवर दाखवून. बाई भली होती, ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही तिथे कामाला आहात का? धाकटी म्हणाली, होते. बाई म्हणाली, कामावरून काढलेल्या माणसाची तक्रार आली की मालक म्हणतो, राग काढतेय. आणि आम्ही जाऊ तोवर पट्टी सोडलेली असते. आत काम करणाऱ्या कोणीतरी नाव घालून सांगितलं, की जिचा हात गेला तिने सांगितलं, तर गोष्ट वेगळी.

मग आम्ही त्या पोरीच्या घरी गेलो. एका खोलीत माणसं फार. पोरगी उजवा हात पदराखाली घेऊन बसली होती. तिला आता घड्या घालायच्या टेबलावर घेतलं होतं, डाव्या हाताने जमेल तेवढं. ती खाली बघत म्हणाली, काकू, मला साहेबांनी विचारलं सगळ्यांसमोर. मी सांगितलं, घरी शेगडीवर भाजलं.

धाकटीने तिचा सरकलेला पदर हातावर परत ओढून दिला. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, बरं केलंस. काम सोडू नकोस. आणि पट्टीच्या बाजूला उभी राहू नकोस, पाठवलं तरी.

घरी येताना ती पुढे चालत होती. मी बोलत राहिले, मला गप्प बसवत नव्हतं. साहेबाला शिव्या दिल्या, पाहुण्यांना दिल्या, पोटच्या पोरालाही दिल्या. ती म्हणाली, ताई, रस्ता बघा, खड्डा आहे.

जेवायला सगळे बसले होते. धाकटी हल्ली मागून जेवते, त्या दिवशी मात्र थोरल्याच्या समोर येऊन बसली. मला वाटलं, आता ती भांडेल, आणि मला बरंच वाटलं असतं. ती भांडली नाही. पुढ्यातलं ताट जरा बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "माझ्या नोकरीचं सोड. ती गेली. मला तुझ्याकडून एकच हवंय. तपासणीवाल्या बाईला आतलं माणूस हवंय. आपल्या घरात ते एकच आहे. पट्टी बांधलेली असते एवढं तू तुझं नाव घालून सांग. हजेरीच्या खिडकीतून तुला रोज दिसते."

थोरल्याने माझ्याकडे बघितलं, लहानपणी पडला की बघायचा तसं. मी मान फिरवली नाही. त्याच्याकडेच बघत राहिले. आई म्हणून मला जे करता येण्यासारखं होतं ते एवढंच होतं.

तो म्हणाला, "बघतो."

धाकटी म्हणाली, "बघ." आणि जेवायला लागली.

याला आता बरेच महिने झाले, तपासणीला अजून कोणी आलेलं नाही. मोठी खुर्ची त्याला मिळाली नाही, पण जुनी टिकली. सकाळी तो डबा घेऊन निघतो तेव्हा धाकटी दारापर्यंत जाते. काही विचारत नाही, नुसती उभी राहते. तो बुटाच्या नाड्या बांधायला फार वेळ लावतो. रोलरपुढे आता दुसरी पोरगी उभी असते, हेही त्यानेच एकदा बोलता बोलता सांगितलं. नवीन आहे म्हणाला, अंगाने बारीक.